स्वस्त बुकशेल्फ स्पीकर: बनवणाऱ्याने हात कुठे आखडलाय ते ओळखा

माझी पहिली बुकशेल्फ जोडी मी चार मिनिटांत पसंत केली होती. झांजा लखलखत होत्या, बेस छातीवर धपधपत होता आणि शेजारी ठेवलेली दुसरी जोडी तिच्यापुढे अगदीच मरगळलेली वाटत होती. घरी आणल्यावर आठवड्याभरात एक विचित्र गोष्ट लक्षात आली. अर्ध्या तासाच्या वर मी गाणी ऐकतच नव्हतो. कान दुखत नव्हते, काही खरखरत नव्हतं, नुसतं 'पुरे आता' व्हायचं. पुढे काही महिन्यांनी ती 'मरगळलेली' जोडी एका मित्राकडे भेटली आणि मध्यरात्र कधी उलटली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

कमी किमतीत सगळंच उत्तम देणारा स्पीकर कोणी बनवत नाही, बनवूही शकत नाही. प्रत्येक बनवणारा कुठेतरी हात आखडता घेतो. काही जण तो तुम्हाला खटकणार नाही अशा जागी घेतात आणि काही जण नेमका वर्मावर घेऊन वरून चकचकाट करतात. त्यामुळे 'चांगला कोणता?' असं विचारण्याऐवजी 'याने काय सोडलंय आणि त्याशिवाय माझं चालेल का?' असं विचारायला लागा. निवड बरीच सोपी होते. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: तीन इच्छा, पुऱ्या होतात दोनच

बुकशेल्फ स्पीकर म्हणजे बहुतेक वेळा एक लहान खोकं, त्यात खालचे सूर काढणारा ५ ते ६.५ इंचांचा वूफर, वर उंच सूर काढणारा साधारण १ इंचाचा ट्वीटर आणि आत या दोघांत आवाजाची वाटणी करणारं क्रॉसओव्हर नावाचं सर्किट. २ ते ३ हजार हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या; आकडा जितका मोठा तितका सूर उंच) आसपास वूफर हळूहळू मागे सरतो आणि ट्वीटर पुढचं काम उचलतो.

एके काळी घरात खोल बेस हवा असेल तर कपाटाएवढं खोकं लागायचं. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. खोकं पूर्ण हवाबंद, आणि आत कोंडलेली हवाच वूफरची स्प्रिंग. लहान खोक्यातून खोल बेस निघाला, पण फुकट नाही. तो वाजवायला ॲम्प्लिफायरचे वॉट बरेच जास्त लागायचे. क्लॉसचा पुढचा भागीदार अँटन हॉफमन याच्या नावाने या क्षेत्रात एक नियमच ओळखला जातो. छोटं खोकं, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोन मिळतील. तिसरी गोष्ट सोडावी लागेल. हा नियम महागड्या स्पीकरलाही चुकलेला नाही, मग स्वस्ताची काय कथा.

याचं कारण साधं आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. १०० हर्ट्झला १ मिलिमीटर हलत असेल तर ५० हर्ट्झला ४ आणि २५ हर्ट्झला १६ मिलिमीटर. पाच इंची स्वस्त वूफरकडे तेवढी हालचाल करायला जागाच नसते. म्हणून 'एवढ्याशा स्पीकरमधून थिएटरसारखा बेस' असं कोणी म्हणालं की बदल्यात काय गेलंय ते शोधायला लागावं.

सोडायचं काय हे नीट ठरवलं तर काय साधतं, याचा नमुना म्हणजे बीबीसीने १९७० च्या दशकात बनवलेला एलएस३/५ए. बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत बसून निवेदकाचा आवाज तपासायचा, एवढंच त्याचं काम. मोठा आवाज आणि खोल बेस या दोन्हींवर त्यांनी पाणी सोडलं आणि माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू येईल यावर सगळा भर दिला. पन्नासएक वर्षं झाली तरी त्याची रूपं अजून बनतात आणि विकली जातात.

तेव्हा स्पीकर बघायच्या आधी कागदावर चार ओळी लिहा. खोली केवढी आहे? स्पीकरपासून किती लांब बसणार: टेबलावर हातभर अंतरावर, की सोफ्यावर तीन मीटरवर? आवाज किती मोठा ठेवता? ऐकता काय? बोलके कार्यक्रम आणि गाणी ऐकणाऱ्याला ४० हर्ट्झ नसले तरी फारसा फरक पडत नाही. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, पण तिच्या वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू मूळ स्वर बऱ्यापैकी भरून काढतो. पिआनोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि सिनेमांचे धमाके हेच तुमचं मुख्य खाद्य असेल, तर या आकाराच्या स्पीकरकडून सगळी अपेक्षा न ठेवता पुढेमागे एक सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेससाठीचा वेगळा स्पीकर, धरून चाला.

दुसरी पायरी: खोक्यावरचे आकडे

आकडे खोटे नसतात, अर्धवट असतात.

'५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. सोबत '±३ डेसिबल' असं काही हवं (डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचं माप). म्हणजे त्या पट्ट्यात आवाज सरासरीपेक्षा ३ डेसिबलहून जास्त वर-खाली जात नाही, असा बनवणाऱ्याचा दावा आहे. काही जण खालची मर्यादा १० डेसिबल घसरल्यावर मोजतात आणि तोच स्पीकर कागदावर दहा-पंधरा हर्ट्झ खोल जातो. दोन स्पीकरांचे आकडे शेजारी ठेवताना आधी ही अट सारखी आहे का ते बघा.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक व्होल्टेज दिल्यावर १ मीटरवर किती आवाज येतो. लहान स्पीकरमध्ये हा आकडा बहुधा ८३ ते ८८ डेसिबलच्या दरम्यान असतो. ३ डेसिबलचा फरक किरकोळ दिसतो, पण तो भरून काढायला ॲम्पचे वॉट दुप्पट लागतात. आवाज दुप्पट मोठा 'वाटायला' सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट. यात एक मेख आहे. मोजणी २.८३ व्होल्टवर होते. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप) स्पीकरमध्ये ते १ वॉट असतं, ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २ वॉट. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने सरस दिसतो, ॲम्पवर मात्र जास्त ओझं टाकतो. ॲम्पच्या मागे '४ ओहम चालेल' असं लिहिलंय का, ते पाहून घ्या.

स्पीकरवर छापलेले '१२० वॉट' हे तो किती सहन करू शकेल ते सांगतात, किती मोठा वाजेल ते नाही. आणि 'पीएमपीओ' ही अक्षरं, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या वॉटचा दावा, कुठे दिसली तर पुढचा आकडा वाचायचे कष्ट घेऊ नका.

तिसरी पायरी: आलेख मिळाला तर बघा

आता बऱ्याच स्वस्त स्पीकरांचीसुद्धा स्वतंत्र मोजमापं वाचायला मिळतात. त्यांसाठी सीटीए-२०३४ नावाची एक प्रमाण पद्धत आहे. स्पीकरभोवती सगळ्या बाजूंनी आवाज मोजून त्याच्या काही वक्ररेषा एका आलेखावर काढतात. इंजिनिअर नसलात तरी दोन गोष्टी नजरेने कळतात.

समोरून मोजलेली रेषा साधारण सपाट हवी. लहानसहान दातेरे चालतील. १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास मोठा फुगवटा किंवा ५ हजारच्या वर चढत जाणारा डोंगर नको. पहिला नकली बेसचा, दुसरा नकली 'स्पष्टते'चा. माझ्या पहिल्या जोडीत हे दोन्ही होतं, हे मला आता कळतं.

दुसरं, बाजूने मोजलेल्या रेषा समोरच्या रेषेसारख्याच आकाराच्या, फक्त हळूहळू खाली उतरत जाणाऱ्या हव्यात. कारण खोलीत आपण ऐकतो त्यातला मोठा भाग भिंतींवरून परत आलेला असतो. २ हजार हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा इंची वूफरच्या रुंदीएवढी. त्याच्या वर वूफरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा अरुंद होत जातो. मग ट्वीटर सुरू होतो आणि आवाज अचानक पुन्हा पसरतो. हा सांधा नीट बसला नाही तर समोर सपाट दिसणारा स्पीकरही खोलीत कर्कश लागतो. ट्वीटरभोवती उथळ बशीसारखा आकार दिसतो ना, तो बहुतेक वेळा हा सांधा जुळवण्यासाठी असतो.

आलेख मिळाला नाही तरी अडत नाही. पुढची पायरी त्याचंच काम कानाने करते.

चौथी पायरी: कानाला फसवणाऱ्या गोष्टी आधी बाजूला काढा

हीच पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती.

पहिला फसवा म्हणजे आवाजाची पातळी. दोन स्पीकरांत एक डेसिबलभर जास्त वाजणारा जास्त 'भरीव' आणि 'स्पष्ट' वाटतो. तो मोठा वाजतोय हे आपल्याला कळतही नाही. आवाज वाढला की बेस आणि ट्रेबल (उंच सूर) कानाला प्रमाणाबाहेर जास्त जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. ॲम्पचं बटण एकाच जागी ठेवून दोन जोड्यांची तुलना केली तर जास्त सेन्सिटिव्हिटीवाली जोडी दरवेळी जिंकते. उपाय सोपा आहे. फोनवर आवाज मोजणारं एखादं मोफत ॲप घ्या. पिंक नॉइज, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला धबधब्यासारखा 'शूऽऽ' आवाज, लावा. फोन बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरा आणि दोन्ही जोड्या एकाच आकड्यावर आणा. फोनचा आकडा खरा नसला तरी चालेल, दोन्ही वेळा चूक सारखीच होणार आहे. बटणाच्या दोन्ही जागा लिहून ठेवा.

दुसरा फसवा म्हणजे डोळे. कॅनडात आणि नंतर हार्मन कंपनीत संशोधन करणारे फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच ऐकणारे, तेच स्पीकर. एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. समोर दिसायला लागल्यावर गुण बदलले. आकार, किंमत आणि नाव यांनी कानावर मात केली. तुमच्याकडे पडदा नसेल, पण सोबत कोणीतरी असेल. त्याला जोड्या बदलायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून 'पहिली' आणि 'दुसरी' एवढंच म्हणा. थोडं हास्यास्पद दिसतं, दिसू दे.

तिसरं, एकाच स्पीकरवर ऐका. हे नवख्यांना पटत नाही, पण टूल यांच्या चाचण्यांत हे वारंवार दिसलं: स्पीकरचे दोष मोनोमध्ये, म्हणजे एकच स्पीकर लावल्यावर, जास्त उघडे पडतात. दोन लावले की आवाजाच्या पसाऱ्यात ते झाकले जातात. निदान दहा मिनिटं तरी एकावर एक अशी तुलना करा. जो एकटा असताना चांगला वाजतो, तो जोडीनेही वाजतोच.

आणि गाणी तुमची स्वतःची न्या. विकणाऱ्याने लावलेली गाणी त्याच्या स्पीकरच्या सोयीची असतात: एक गिटार, एक कुजबुजता आवाज, मागे शांतता. असं काहीही कशावरही छान वाजतं. तुम्ही शंभर वेळा ऐकलेली चार-पाच पुरेत. त्यात एक तरी गच्च भरलेलं असू दे, ज्यात ड्रम, बेस, गायक, कोरस सगळं एकदम आहे. दोष पकडायला तेच सगळ्यांत कामाचं. एक पुरुषाचा आवाज, एक स्त्रीचा, एक पिआनो. आणि एक असं रेकॉर्डिंग ज्यात काहीतरी खटकतं हे तुम्हाला आधीच माहीत आहे. ते एखाद्या स्पीकरवर अचानक गोड वाजलं तर स्पीकर काहीतरी लपवतोय.

पाचवी पायरी: आता ऐका, पण एका वेळी एकच गोष्ट

गायकाच्या आवाजापासून सुरुवात करा. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतोय. बाकी वाद्यांबाबत कान फसेल, इथे फसत नाही. गायक डब्यात तोंड घालून गातोय असं वाटलं तर २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात गडबड आहे, बहुधा खोकंच थरथरतंय. नाकात गातोय असं वाटलं तर १ हजारच्या आसपास. 'स', 'श', 'च' टोचत असतील तर ५ ते ८ हजार. कोरस किंवा मोठा आवाज आला की कान आक्रसून घ्यावेसे वाटले तर २ ते ४ हजार, म्हणजे तोच वूफर-ट्वीटरचा सांधा. हे आकडे पाठ करायचं कारण नाही. फक्त तक्रार शब्दांत लिहून ठेवा: 'डबा', 'नाक', 'टोचतं'. नुसतं 'आवडलं नाही' लिहिलंत तर संध्याकाळी का आवडलं नव्हतं ते आठवणार नाही.

मग बेस. किती आहे हे नंतर. आधी वेगवेगळे सूर ओळखू येतात का ते बघा. बेस गिटार चाल वाजवत असेल तर ती तुम्हाला गुणगुणता आली पाहिजे. प्रत्येक सूर एकाच 'धुम्'मध्ये बुडत असेल तर ती १०० हर्ट्झवरच्या फुगवट्याची करामत. कमी पण सुटा बेस आणि भरपूर पण गदगदलेला बेस यांत मी दरवेळी पहिला घेईन. पहिल्याला पुढे सबवूफर जोडता येतो, दुसऱ्याचं काही करता येत नाही.

पोर्टवाला, म्हणजे मागे किंवा पुढे भोक असलेला, स्पीकर असेल तर खालचे सूर जरा मोठ्याने वाजवून भोकाजवळ कान न्या. फुसफुस ऐकू आली तर तेवढ्या आवाजाला तो धापा टाकतोय. पोर्ट खालच्या टोकाला बेसला हात देतो, पण त्याच्या खाली आवाज झपकन कोसळतो: दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबल. हवाबंद खोक्याचा उतार १२ डेसिबलचा, म्हणजे सावकाश. म्हणूनच काही हवाबंद स्पीकर कागदावर उथळ दिसूनही खोलीत तितके तोकडे पडत नाहीत.

पिंक नॉइज पुन्हा लावा आणि खुर्चीतून उठा-बसा. उभं राहिल्यावर 'शूऽऽ'चा रंग थोडा बदलणारच, कारण वूफर आणि ट्वीटर वेगवेगळ्या उंचीवर आहेत. मग दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे जा. तिथे आवाज एकदम बुजला तर ही जोडी एकाच खुर्चीत बसणाऱ्यासाठी आहे. टेबलावर एकट्याने ऐकणार असाल तर काही बिघडत नाही. घरातले चार जण सोफ्यावर पसरणार असतील तर बिघडतं.

दोन्ही स्पीकर लावून आवाज मोनो केला, म्हणजे दोन्हींतून तोच आवाज सोडला, तर गायक बरोबर मधे, मुठीएवढ्या जागेत उभा राहिला पाहिजे. तो पसरट किंवा एका बाजूला झुकलेला वाटला तर जोडीतले दोन नग एकसारखे नाहीत. स्वस्त मालात ही गोष्ट तपासायची राहून जाते आणि नंतर सतत छळते.

शेवटी आवाज नेहमीपेक्षा वाढवा आणि मग नेहमीपेक्षा बराच कमी करा. वाढवल्यावर गच्च गाण्याचा चिखल होतो का? कमी केल्यावर गाणं गाणं राहतं, की नुसती किणकिण? बहुतेक घरांत रात्री हळूच ऐकलं जातं आणि ही चाचणी जवळजवळ कोणीच करत नाही.

खोक्यावर टकटक करून 'भरीव आहे' असं सांगणारे तज्ज्ञ भेटतील. त्यांना हसून दाद द्या. जडपणा ही बरी खूण आहे, पण कानाला डबा जाणवत नसेल तर बोटाला जाणवून उपयोग नाही.

सहावी पायरी: घरी आणल्यावर स्पीकरला दोष द्यायच्या आधी

सुमारे २००-३०० हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकर कमी आणि खोली जास्त ऐकता. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, ३ मीटरच्या खोलीत ५७ च्या आसपासचा. स्पीकर मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लहर साधारण १४० हर्ट्झला मूळ आवाजाच्या उलट येऊन त्यालाच खाते. दुकानात दमदार वाजलेली जोडी घरी पातळ झाली, तर ती बदलायच्या आधी वीस सेंटिमीटर सरकवून बघा. भिंतीजवळ नेली की बेस वाढतो, कोपऱ्यात नेली की आणखी.

नाव बुकशेल्फ असलं तरी पुस्तकांच्या फळीत आत ढकललेला स्पीकर बहुधा गुदमरतो. फळीच नशिबी असेल तर तो फळीच्या कडेला आणून ठेवा, आजूबाजूच्या रिकाम्या जागेत पुस्तकं भरा आणि पोर्ट मागे असेल तर त्यात फोमचा बोळा घालून बघा. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा. तोंडं तुमच्याकडे किती वळवायची हे प्रयोगाने ठरवा. ट्रेबल टोचत असेल तर सरळ समोर ठेवली की बऱ्याचदा शांत होतं. टेबलावर ठेवत असाल तर तळाशी काहीतरी देऊन थोडे वर तोंड करा, नाहीतर टेबलच वाजायला लागतं.

लाल-काळ्या तारांची खात्री करा. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर बेस नाहीसा होतो आणि गायक मधे उभा न राहता डोक्याभोवती तरंगतो. मी एकदा जवळजवळ महिनाभर असंच ऐकत होतो आणि वर 'काय विस्तीर्ण आवाज आहे' असं पाहुण्यांना सांगतही होतो.

वायर जाड तांब्याची साधी घ्या, १६ गेजची, दोन-चार मीटरसाठी पुरते. त्यावर अधिक खर्च करू नका. 'शंभर तास वाजवल्यावर खुलतो' हेही फारसं मनावर घेऊ नका. वूफरची कडा सुरुवातीला किंचित सैल होते खरी, पण आठवड्यांनंतर जो बदल जाणवतो तो बहुतांशी आपल्या कानाच्या सवयीचा असतो.

मग इक्वलायझर, म्हणजे ठरावीक पट्ट्यातले सूर कमी-जास्त करायची सोय. बरेच जण त्याला कमीपणा समजतात; मला तो स्वस्त स्पीकरचा सगळ्यांत चांगला मित्र वाटतो. खोलीने फुगवलेला एखादा सूर तो खाली आणतो, उजळ ट्रेबल एक-दोन डेसिबलने उतरवतो. खड्डे मात्र भरू नका. खोलीने खाल्लेला सूर वाढवला तर ॲम्प आणि वूफर दोघेही फुकट राबतात. सांध्याची गडबड किंवा खोक्याची थरथर इक्वलायझरने सुटत नाही. म्हणून मोल ठरवताना माझा हिशेब असा असतो: रंग थोडा उजळ किंवा गडद असेल तर माफ, बाजूचा आवाज समोरच्यापेक्षा वेगळाच असेल तर नाही.

सातवी पायरी: पैशाचं मोल

पॅसिव्ह, म्हणजे बाहेरचा ॲम्प लागणाऱ्या, जोडीची किंमत बघताना ॲम्प, वायर आणि स्टँड त्यात मिळवा. ॲक्टिव्ह जोडीत ॲम्प आतच असतो, त्यामुळे तिच्या महागड्या वाटणाऱ्या किमतीची तुलना त्या बेरजेशी करा, नुसत्या पॅसिव्ह जोडीशी नाही. ॲक्टिव्हमध्ये बनवणाऱ्याला ॲम्प आणि स्पीकर एकमेकांना जुळवता येतात, म्हणून त्याच पैशात ती अनेकदा सरस ठरते. मात्र आतलं सर्किट गेलं तर सगळंच बंद. पॅसिव्ह जोडी तीन ॲम्प पचवून टिकते.

कशाचे पैसे देऊ नयेत? मागे तार जोडायच्या चार टर्मिनलचे, सोनेरी मुलाम्याचे, वूफरच्या पडद्याला दिलेल्या भारदस्त नावाच्या पदार्थाचे. कशाचे द्यावेत? वॉरंटीचे, सुटा ट्वीटर-वूफर पुढे मिळेल याच्या खात्रीचे, आणि घरी ऐकून परत करता येण्याच्या सोयीचे. एक पायरी वरचा स्पीकर घ्यावा का, हा प्रश्न पडला तर त्यातून नेमकी कोणती तक्रार मिटते ते लिहून काढा. 'अजून चांगला' हे उत्तर आलं तर ते पैसे स्टँडवर घाला.

जुनी जोडी घेत असाल तर वूफरच्या कडेचा गोल पट्टा बघा. फोमचा असेल तर काही वर्षांनी तो कुजून भुगा होतो, रबराचा जास्त टिकतो. पडदा दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून अगदी हलका, सरळ आत दाबा. खरवड ऐकू आली तर कॉइल घासतेय. ट्वीटरचा घुमट आत चेपलेला आहे का, आणि पोर्टमधून जळका वास येतो का, तेही बघा. मग दोन्ही स्पीकर एकेक करून त्याच गाण्यावर वाजवा. एका बाजूचा ट्वीटर थोडा मंद झाला असेल तर तो असाच पकडला जातो.

नवी जोडी घेतली असेल तर परत करायची मुदत संपायच्या दोन दिवस आधी तुमचे जुने स्पीकर, टीव्हीचा साउंडबार, जे काही होतं ते पुन्हा लावा. संध्याकाळ त्यावर काढा. दुसऱ्या दिवशी नवी जोडी लावून तीच गाणी, त्याच पातळीवर ऐका आणि किती वेळाने उठावंसं वाटलं ते घड्याळात बघा. माझ्या त्या पहिल्या जोडीच्या वेळी मी हे केलं नाही, कारण अशी काही मुदत असते हे बिलाच्या मागच्या बाजूला छापलं होतं आणि बिल मी चार महिन्यांनी उलटून पाहिलं.